फॉरमॅट मारण्याआधी जरा थांबा!



या सदरातून आम्ही आजवर शिलाई मशीन, पाण्याची मोटार, मिक्सर अशा घरातल्या अनेक वस्तूंच्या दुखण्याखुपण्यावर लिहिले. आज कॉम्प्युटरवर लिहितो आहोत. काही वाचक म्हणतील, आमच्या घरी कुठे आहे कॉम्प्युटर? घरी नसेल, पण शेजारी असेल, अभ्यासिकेत असेल, मुलीला कॉलेजातून मिळालेला लॅपटॉप असेल. आणि आपल्या मुलांचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, गेलेल्या माणसांचे फोटो आज त्याच्याच पोटात असतात. तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्याच्या आतलाच आहे.

आम्ही जे सांगणार आहोत ते पेठमध्ये घडले. पेठ म्हणजे नाशिकपासून सुमारे ५५ किलोमीटरवरचे, सावळघाट ओलांडल्यावर लागणारे तालुक्याचे गाव. पाऊस धो धो, शेती भात-नागलीची, वस्ती बहुतांशी आदिवासी बांधवांची; त्यात आपली घरे मोजकीच. आमच्या वस्तीत वर्गणीतून चालणारी एक अभ्यासिका आहे. एक खोली, चार बाकडी, पुस्तकांचे कपाट आणि एक कॉम्प्युटर. या कॉम्प्युटरवर पोरे अभ्यास करतात, आणि अर्जांच्या दिवसांत महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात. आपली मुले येतात, तशी पाड्यांवरची कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाची मुलेही येतात. जातीचा दाखला, पडताळणीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रके असे सगळे कागद एकदा स्कॅन करून प्रत्येकाच्या नावाच्या फोल्डरात ठेवलेले. अशी एकतीस मुलांची फोल्डरे होती.

हा कॉम्प्युटर २०१३ सालचा. सुरू होता होता चहा उकळून व्हायचा. आमचा भाचा नाशिकला सातपूरच्या कारखान्यात कामाला आहे, त्याला या यंत्रांचा नाद. दीड वर्षापूर्वी त्याने जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवून दिली. जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवले. कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उघडू लागला. पोरे खूश, आम्ही खूश. त्या आनंदात एक चूक झाली. जुनी हार्डडिस्क नीट चालत होती, ती पुसून आम्ही एका ओळखीच्याला कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी देऊन टाकली. म्हणजे एकतीस मुलांचे कागद आता एकाच जागी राहिले. ही चूक आमची, दुसऱ्या कुणाची नाही.

पुढे १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ ला निदान आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर किंवा त्या तोडीचा दुसरा, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आमच्या म्हाताऱ्या यंत्रात यातले काही नव्हते. भाच्याने नाशिकहून जुन्या वापरातला पण आठव्या पिढीचा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम आणली. जुनी रॅम डीडीआर-३ जातीची, ती नव्या बोर्डात बसतच नाही, म्हणून रॅमही बदलावी लागली. डबा तोच, एसएसडी तीच, आतली बाकी मंडळी नवी. रविवारी दुपारी सगळे जोडले, बटण दाबले, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. अर्थ एवढाच, की सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही.

गावातल्या एका जाणकाराला बोलावले. त्याने पाहिले न पाहिले आणि सांगितले, "फॉरमॅट मारावं लागेल. नवीन विंडोज टाकतो, तासाभरात चालू." त्याच्यावर आमचा राग नाही. लोक त्याच्याकडे यंत्र चालू करून घ्यायला येतात आणि तो यंत्र चालू करून देतो. पण आमच्या दृष्टीने यंत्र दुय्यम होते. त्या एकतीस मुलांपैकी कितीतरी मुलांचे आईबाप दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला गेलेले, कागदपत्रांची पिशवी बरोबर घेऊन. अर्जाची मुदत चार दिवसांवर. आम्ही म्हटले, थांबा.

एसएसडी म्हणजे काय, आणि फॉरमॅटची भीती का

१९५६ हे साल आपल्या वाचकांना सांगावे लागत नाही. त्याच साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने पहिली हार्डडिस्क बाजारात आणली. २४ इंच रुंदीच्या पन्नास तबकड्या, वजन एक टनाहून अधिक, आणि साठवण सुमारे पाच एमबी. आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटो कसाबसा मावेल इतकी. तेव्हापासून हार्डडिस्कचे तत्त्व तेच राहिले. तबकडी गरगर फिरते आणि एक बारीक दांडी तिच्यावरून लोहचुंबकाच्या खुणा वाचते. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली फ्लॅश मेमरी तिच्यात असते. पेनड्राइव्हमध्ये आणि मोबाइलमध्येही तीच. तिच्या अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो, वीज गेली तरी तो तिथेच राहतो.

हार्डडिस्कवर चुकून घाईचे फॉरमॅट झाले तर पुष्कळदा माहिती परत काढता येत असे. कारण फॉरमॅटमध्ये अनुक्रमणिका फाडली जाई, पुस्तकाची पाने तशीच राहत. एसएसडीचे तसे नाही. काय पुसले गेले हे विंडोज एसएसडीला लगेच कळवते, त्याला ट्रिम म्हणतात, आणि एसएसडी ते कप्पे फावल्या वेळात खरोखरच रिकामे करून टाकते. मग पाने शोधायची कुठे? म्हणून हार्डडिस्कच्या काळातला "मारा फॉरमॅट, नंतर बघू" हा सल्ला एसएसडीच्या बाबतीत फार महाग पडतो.

शोध कसा घ्यावा

भाचा म्हणाला, "मामा, आधी सेटअपमध्ये डिस्कचं नाव दिसतं का ते बघू." कॉम्प्युटर सुरू करताच डिलीट किंवा एफ-२ हे बटण दाबत राहिले की बायोसचा, म्हणजे यंत्राच्या मूळ व्यवस्थेचा पडदा उघडतो. काही कंपन्यांच्या यंत्रांत बटण वेगळे असते. तिथे जोडलेल्या वस्तूंची यादी असते. सगळ्या शोधाची वाट या एका प्रश्नावर फुटते: यादीत एसएसडीचे नाव आहे की नाही?

नाव नसेल तर दोष बहुधा जोडणीत असतो. भिंतीचे बटण बंद करून, वायर काढून मगच डबा उघडावा. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून डब्याच्या पत्र्याला हात लावून घ्यावा. साध्या चपट्या एसएसडीला दोन वायरी असतात, एक माहितीची आणि एक विजेची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात, माहितीची वायर बदलून पाहावी, बोर्डावरची जागा बदलून पाहावी. डिंकाच्या पट्टीसारखी लांबट एम.२ जातीची एसएसडी असेल तर ती तिरकी आत सरकवून, खाली दाबून स्क्रूने आवळायची असते. अर्धवट बसली तर दिसत नाही. या पट्टीतही दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला बहिणी, पण काही बोर्डांवरच्या खाचेला एकच जात चालते. विकत घेण्याआधी बोर्डाच्या माहितीपुस्तकात पाहावे. आणखी एक गंमत. पुष्कळ बोर्डांवर एम.२ ची खाच भरली की साध्या जोडणीच्या एक-दोन जागा आपोआप बंद पडतात. मग नवी डिस्क बसवली आणि जुनी दिसेनाशी झाली, असे वाटते. जुनी मेलेली नसते, तिची वायर शेजारच्या जागेत लावली की ती दिसू लागते.

एवढे करूनही नाव दिसले नाही तर एसएसडी दुसऱ्या चालत्या कॉम्प्युटरला लावून पाहावी. तिथेही दिसली नाही तरच ती बिघडली असे म्हणावे, आणि वॉरंटीची पावती शोधावी.

आमच्या यादीत नाव होते. म्हणजे एसएसडी जिवंत होती. पण ज्या डिस्कवरून सुरुवात करायची, त्या दुसऱ्या यादीत मात्र तिचे नाव नव्हते. इथे भाच्याला कारण कळले. जुने कॉम्प्युटर डिस्कची सुरुवात एका जुन्या पद्धतीने वाचत, तिला एमबीआर म्हणतात. नवे बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीने चालतात आणि त्यांना जीपीटी मांडणीची डिस्क लागते. आमच्या एसएसडीवर जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल असल्यामुळे मांडणीही जुनीच उतरली होती. नव्या बोर्डाला ती लिपी वाचता येत नव्हती. मात्र त्या काळच्या पुष्कळ बोर्डांत जुनी पद्धत चालवून घेण्याची सोय असते. सेटअपमध्ये तिचे नाव सीएसएम. ती चालू केली, बदल जतन केला, आणि विंडोज उघडले! पहिल्यांदा ते नव्या भागांची ओळख करून घेत थोडा वेळ रेंगाळले, पण उघडले. एकतीसच्या एकतीस फोल्डरे जागेवर होती. भाचा रात्रीच्या गाडीने नाशिकला परतला.

रात्री बरा, सकाळी आजारी

सोमवारी सकाळी अभ्यासिका उघडली, तर पडद्यावर पुन्हा तीच ओळ. फोनवर भाच्याला विचारून सीएसएम पुन्हा चालू केले, कॉम्प्युटर सुरू झाला. पण शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ काही उघडेना. "कनेक्शन सुरक्षित नाही" असे येई. आम्ही मोबाइलच्या नेटला दोष दिला. मंगळवारी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता जो तो म्हणू लागला, एसएसडीच गेली, नवीन घ्या. आम्हीही डळमळलो. वर्गणीच्या डब्यात किती पैसे आहेत ते मोजून झाले.

अभ्यासिकेची झाडलोट आणि किल्ली सांभाळणाऱ्या ताई हे सगळे दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू का? मला त्यातलं काही कळत नाही. पण काल दुपारी तुम्ही तो बंद करून जेवायला गेला होता. आल्यावर नीट चालू झाला. रात्री मी जाताना भिंतीवरचं बटण बंद करते, तेव्हाच तो सकाळी रुसतो. आणि रुसला की त्याचं घड्याळपण चुकतं. आज तर २०१८ साल दाखवत होता."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. दोन दिवस आम्ही काळ्या पडद्याकडे डोळे लावून बसलो होतो. कोपऱ्यातली तारीख ताईंनी पाहिली होती.

प्रत्येक मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. त्याचा क्रमांक सीआर-२०३२, ताकद ३ व्होल्ट. भिंतीचे बटण चालू असेपर्यंत, कॉम्प्युटर बंद असला तरी, बोर्डाला थोडी वीज मिळत राहते. बटण बंद झाले किंवा लाइट गेली, की तारीख-वेळ आणि सेटअपमधले बदल सांभाळण्याची जबाबदारी या सेलवर येते. आमचा बोर्ड वापरलेला, सेल त्याच्याबरोबरचाच. तो थकला होता. रात्री वीज तोडली की बोर्ड सगळे विसरून कारखान्यातल्या मूळ स्थितीत जाई, तिथे सीएसएम बंद. म्हणून सकाळी डिस्क सापडत नसे. आणि संकेतस्थळ उघडत नव्हते तेही याचमुळे. प्रत्येक संकेतस्थळाच्या ओळखपत्राला मुदत असते. यंत्राच्या लेखी २०१८ साल चालू असेल, तर त्याला ते ओळखपत्र खोटे वाटते. बिचाऱ्या नेटचा काही दोष नव्हता. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशी आमची गत झाली होती.

शेजारच्या वायरमन काकांनी मल्टिमीटर लावला. तीन व्होल्टचा सेल जेमतेम दोनच्या वर दाखवत होता. घड्याळाच्या दुकानातून नवा सेल आणला, चार माणसांच्या चहाच्या पैशांत. वीज तोडून, अधिकची बाजू वर ठेवून तो बसवला, तारीख आणि सीएसएम नीट केले, आणि त्या रात्री मुद्दाम ताईंना सांगितले, "भिंतीचं बटण बंद करूनच जा." बुधवारी सकाळी पोरे दारात जमली होती. ताईंनीच बटण दाबले. कॉम्प्युटर उघडला, तारीख बरोबर होती, संकेतस्थळही उघडले. मुदतीच्या आत सगळ्यांचे अर्ज गेले.

पण पहिला अर्ज भरण्याआधी आम्ही एक काम केले. सगळी फोल्डरे एका पेनड्राइव्हवर आणि भाच्याने पाठवलेल्या बाहेरच्या डिस्कवर उतरवली. पुढे सवडीने, नक्कल हाताशी असताना, विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने डिस्कची मांडणी बदलली, सीएसएम कायमचे बंद केले आणि विंडोज ११ घेतले. हाच बदल आम्ही त्या रविवारी घाईत करायला गेलो असतो, तर आज हा लेख वेगळा लिहावा लागला असता.

घरोघरी लक्षात ठेवण्याजोगे

कॉम्प्युटरचे भाग बदलल्यावर आणखी तीन प्रसंग येतात, ते थोडक्यात सांगतो.

एक, कोरी नवी एसएसडी दुसरी म्हणून लावली, सेटअपमध्ये दिसते, पण विंडोजमध्ये दिसत नाही. यात बिघाड नसतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिची मांडणी करावी लागते. मात्र तिथे "इनिशियलाइझ" विचारले जाते, ते फक्त कोऱ्या डिस्कला हो म्हणावे. माहिती असलेल्या जुन्या डिस्कसाठी असे विचारले, तर नाही म्हणून जाणत्या माणसाला दाखवावे.

दोन, विंडोज सुरू होता होता निळा पडदा येतो आणि सुरुवातीची डिस्क हाती लागत नाही असे सांगतो. पुष्कळदा सेटअपमध्ये एएचसीआय आणि रेड या दोन पद्धतींपैकी पद्धत बदललेली असते. पूर्वी जी होती ती परत ठेवावी. अलीकडच्या काही लॅपटॉपांत नवे विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही. तिथे इंटेलचा एक ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. तेव्हाही डिस्क मेली असे समजू नये.

तीन, बोर्ड बदलल्यावर किंवा सेटअपमध्ये काही बदल केल्यावर पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. याला बिटलॉकर म्हणतात. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत हे कुलूप आपोआप लागलेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्याने लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात असते. ती नसेल तर आतली माहिती कुणालाही काढता येत नाही. तेव्हा आजच, यंत्र चालू असताना, ती किल्ली वहीत उतरवून दाखल्यांच्या फाइलीत ठेवावी. मुलीचा लॅपटॉप दुकानातल्या माणसाने त्याच्या खात्याने सुरू करून दिला असेल, तर खाते आधी मुलीच्या नावाचे करून घ्यावे.

आणि नक्कल. महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, नात्यातल्या दुसऱ्या घरी किंवा इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात. एसएसडी किंवा पेनड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षे टाकून ठेवू नये. वीज न मिळता फार काळ पडून राहिले, तर कप्प्यांतला भार हळूहळू गळू शकतो. दर काही महिन्यांनी जोडून फोल्डरे उघडून पाहावीत. पेठसारख्या ठिकाणी पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा जमल्यास यूपीएसही घ्यावा.

दुरुस्तीला देताना पहिले वाक्य असे बोलावे: "आतली माहिती हवी आहे, मला विचारल्याशिवाय काही पुसू नका." हे बोलायला लाजू नये. समोरचा इंग्रजी शब्द वापरतो म्हणून आपल्याला कळत नाही असे समजू नये. आमच्या ताई सातवीपर्यंत शिकलेल्या. केव्हा बिघडते, केव्हा बिघडत नाही, आणि त्या वेळी आणखी काय बदललेले असते, एवढेच त्यांनी पाहिले.

आता अभ्यासिकेच्या भिंतीवर, कॉम्प्युटरच्या वर, ताईंच्या हातचा एक कागद लावलेला आहे. त्यावर सेल बदलल्याची तारीख, सेटअपमध्ये काय चालू आणि काय बंद हे भाच्याने सांगितलेले, आणि खाली लाल पेनाने लिहिले आहे: "दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नक्कल." मागच्या रविवारी आम्ही विसरलो होतो. ताईंनी पेनड्राइव्ह आणून आमच्या हातावर ठेवला.

वाचकांनी आपल्या घरच्या यंत्रांच्या अडचणी अवश्य कळवाव्यात. पुढील अंकी मोबाइलच्या बॅटरीविषयी.